नदी जिल्ह्याची हद्द पाळत नाही

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री कन्नड घाटाच्या डोंगरांवर पावसाने जोर धरला तेव्हा खाली चाळीसगाव झोपेत होते. पहाटेपर्यंत तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या पात्र सोडून वाहू लागल्या. डोंगरी चाळीसगावातच तितूरला मिळते, त्यामुळे शहर दोन्हीकडून पाण्यात सापडले. नदीकाठच्या वस्त्यांत आणि बाजारपेठेत पाणी शिरले. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाकडी, वाघडू, रोकडे या गावांचे हाल त्याहून मोठे होते. रात्री गोठ्यात बांधलेली गुरे दाव्यासकट बुडाली. तालुक्यात शेकडो जनावरे गेली. घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, वाहने चिखलात रुतली, एका ट्रकचालकाचा जीव गेला आणि खानदेशातून मराठवाड्यात जाणारा तो मोठा रस्ता कित्येक दिवस बंद राहिला.

ही आपत्ती नेमकी कोणत्या कार्यालयाची होती? पाऊस पडला तो डोंगरमाथा कन्नड तालुक्याकडचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला. महसूल विभागही वेगळा. हवामान खात्याच्या नकाशावर तो मराठवाडा उपविभागात मोडतो, तर जळगाव मध्य महाराष्ट्र उपविभागात. उतारावरचे जंगल गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचे, म्हणजे वन खात्याचे. घाटातला रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा. बुडालेली गावे जळगाव जिल्ह्याची, नाशिक विभागातली. पाणी हा सगळा प्रवास एका रात्रीत करून आले. तोच प्रवास माहितीला करायचा असेल तर तिला चार-पाच कार्यालयांचे उंबरे ओलांडावे लागतात.

शासन आपत्तीला कसे सामोरे जाते हे समजून घ्यायला खानदेशाइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. इथली बहुतेक संकटे बाहेरून चालत येतात. तापीचा पूर मध्य प्रदेश आणि विदर्भातून येतो, गिरणेचा नाशिक जिल्ह्यातून, तितूरचा मराठवाड्याच्या कड्यावरून. म्हणून यंत्रणा किती मोठी आहे यापेक्षा ती दुसऱ्या यंत्रणेशी कुठे आणि कशी जोडली आहे, हे इथे आधी पाहावे लागते.

या हद्दी आखल्या गेल्या त्या पाण्याचा विचार करून नव्हे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभार पाहू लागला. त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले. पुढे १८६९ मध्ये मालेगाव, नांदगाव, बागलाण हे तालुके काढून नव्या नाशिक जिल्ह्याला जोडले गेले. गिरणा धरण आज नांदगाव तालुक्यात आहे आणि त्याच्या पाण्याची वाट पाहणारी शेती मुख्यतः जळगावात, याचे मूळ त्या फेरबदलात आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. कन्नड तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. घाटाच्या वर एक राज्य आणि खाली दुसरे, अशी ती सरहद्द होती. जमाबंदी आणि वसुलीसाठी आखलेल्या या रेषांवरच आपण नंतर आपत्ती व्यवस्थापनाची सारी रचना उभी केली.

त्या रचनेच्या मध्यभागी जिल्हाधिकारी आहे, यालाही तोच इतिहास कारणीभूत आहे. एकोणिसाव्या शतकातले मोठे संकट म्हणजे दुष्काळ. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. टंचाईची चिन्हे कोणती, मदतीची कामे कधी काढायची, मजुरी किती द्यायची, तगाई कोणाला द्यायची, हे सगळे त्यांत लिहून ठेवले होते आणि अंमलाची जबाबदारी कलेक्टरवर होती. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला लोक विक्रम संवताच्या वर्षावरून छप्पनचा दुष्काळ म्हणतात, खानदेशाने याच संहितेखाली सोसला. दुष्काळ हळूहळू येतो. त्याला नोंदी, याद्या, तपासणी आणि वाटप यांची गरज असते, आणि महसूल खाते त्या कामात वाकबगार होते. पूर, स्फोट, रेल्वे अपघात यांना मात्र तासांचा हिशेब लागतो. दुष्काळासाठी घडलेल्या हाताने आपण पुराला सामोरे जातो. आजही आपली व्यवस्था नुकसान मोजण्यात जेवढी तरबेज आहे तेवढी ते टाळण्यात नाही, याचे एक कारण मला इथे दिसते.

स्वतंत्र कायदा यायला २००५ साल उजाडले. त्याआधी महाराष्ट्राने १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप पाहिला होता आणि त्यानंतर जिल्हावार आराखडे आणि नियंत्रण कक्ष यांचे काम इथे इतर राज्यांच्या आधी सुरू झाले होते. १९९९ चे ओडिशातले महाचक्रीवादळ, २००१ चा भुजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांनंतर डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम झाला. केंद्रात पंतप्रधान, राज्यात मुख्यमंत्री आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी अशी तीन पातळ्यांची प्राधिकरणे त्याने नेमली. जिल्हा प्राधिकरणात लोकनियुक्त प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो, तर पोलीस अधीक्षक, आरोग्य अधिकारी आदी सदस्य असतात.

या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या हाती दिलेले अधिकार मोठे आहेत. कोणत्याही खात्याचा माणूस, वाहन, इमारत ताब्यात घेता येते. निविदा न काढता तातडीची खरेदी करता येते. एखादा भाग बंद करता येतो, लोकांना हलवता येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा या कायद्याचे वजन प्रत्येक घराला कळले. कोणी दुकान उघडायचे, कोणी गावात शिरायचे, हे सगळे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांवर चालले.

पण कायद्याने दिलेला अधिकार जिल्ह्याच्या वेशीपाशी संपतो. जळगावचे जिल्हाधिकारी कन्नडच्या तहसीलदाराला आदेश देऊ शकत नाहीत, विनंती करू शकतात. वरच्या पातळीवरून समन्वय व्हावा अशी तरतूद आहे, पण तितूरसारख्या छोट्या, वेगाने फुगणाऱ्या नदीच्या बाबतीत गोष्ट मंत्रालयापर्यंत पोचून परत येईस्तोवर पाणी गावात शिरलेले असते.

अडचण फक्त आपली नाही. १९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात एकामागून एक वणवे पेटले, १६ माणसे मेली. नंतर तपासले तेव्हा दिसले की माणसे आणि बंब पुरेसे होते. पण वेगवेगळ्या दलांचे बिनतारी संच एकमेकांशी बोलत नव्हते, एकाच हुद्द्याची नावे वेगळी होती आणि घटनास्थळी कोणाचे ऐकायचे हे ठरलेले नव्हते. त्यातून घटनास्थळी एकच प्रमुख, ठरलेल्या भूमिका आणि सर्वांना कळेल अशी भाषा, अशी पद्धत तयार झाली. भारताने तिचे आपले रूप २०१० मध्ये 'घटना प्रतिसाद प्रणाली' या नावाने स्वीकारले. त्यात जिल्हाधिकारी उत्तरदायी अधिकारी असतो आणि तालुक्यात प्रांत किंवा तहसीलदार प्रत्यक्ष सूत्रे हाती घेतो. कागदावर ही रचना नेटकी आहे. ती अंगवळणी पडायला मात्र सराव लागतो, आणि बदल्यांच्या मोसमात नवे तहसीलदार जूनच्या तोंडावर येऊन गावांची नावे शिकत असतात, तेव्हा तो सराव कोणाच्या अंगी उरत असेल?

आता जोडणी चांगली असली की काय होते, तेही पाहू. चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा एकत्र येतात आणि तिथून थोडे खाली भुसावळ तालुक्यात हतनूर धरण आहे. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे २९ हजार चौरस किलोमीटर, मुलताई-बैतूलपासून मेळघाट-अकोल्यापर्यंत पसरलेले. धरणाची साठवण मात्र मूळ आराखड्यात फक्त ३८८ दशलक्ष घनमीटर, आणि त्यातही गाळ बसलेला. एवढ्या मोठ्या मुलखाचा पूर एवढ्याशा जलाशयात अडवणे शक्यच नाही. म्हणून हतनूरला ४१ दरवाजे आहेत. वरून येईल तेवढे पाणी खाली सोडणे एवढेच तिथल्या अभियंत्याच्या हाती असते. खाली किती पाणी जाणार हे वेळेवर सांगणे हेच त्याचे खरे पूरनियंत्रण.

सांगायचे कोणाला? यावल, चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा तालुक्यांच्या काठच्या गावांना, पुढे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बंधाऱ्यांना, आणि शेवटी गुजरातेतल्या उकाई धरणाला. उकाईची साठवण सात हजार दशलक्ष घनमीटरहून जास्त आहे, आणि त्याच्या खाली सुरत शहर आहे. केंद्रीय जल आयोग तापीवर बऱ्हाणपूर, हतनूर, गिधाडे, सारंगखेडा इथे पाण्याची पातळी मोजतो आणि त्यावरून उकाईत येणाऱ्या पाण्याचा अंदाज देतो. ही साखळी तीन राज्यांतून जाते. तरीही ती चालते, कारण मोजणारी संस्था एक आहे, आकडा कोणाला द्यायचा हे ठरलेले आहे आणि तो देण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

मात्र आकडा हातात असणे म्हणजे निर्णय वेळेवर होणे नव्हे. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात अतोनात पाऊस झाला, उकाई आधीच बरेच भरलेले होते आणि शेवटी नऊ लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग सोडावा लागला. सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला. धरण आधीपासून किती रिकामे ठेवायचे होते, यावर नंतर बरीच वर्षे वाद झाला. सिंचनाला आणि विजेला भरलेले धरण हवे असते, पुराला रिकामे. हा झगडा प्रत्येक पावसाळ्यात प्रत्येक धरणावर असतो. त्याचे उत्तर शांत दिवसांत, धरणाच्या प्रचालन सूचीत लिहून ठेवलेले नसेल तर ते पुराच्या रात्री सुचत नाही.

तितूरवर ही साखळी नाही. तिथे डोंगरावरचा पाऊस पडताच खाली कळवणारी मोजणी लागेल. महावेध प्रकल्पात महाराष्ट्रात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसली, त्याचा शेतीला उपयोग झाला. पण मंडळाचे केंद्र बहुधा वस्तीच्या जवळ असते आणि ढगफुटीसारखा पाऊस कड्यावर पडतो. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात. हा आकडा मुख्यतः पंचनाम्यासाठी, म्हणजे दुसऱ्या दिवसासाठी. कड्यावर दोन-तीन पर्जन्यमापके बसवून त्यांचा आकडा थेट पायथ्याच्या गावांच्या पोलीस पाटलांच्या फोनवर जाईल एवढी सोय फार खर्चाची नाही. ती होत नसेल तर कारण पैशाचे नसून हद्दीचे आहे: यंत्र बसवायचे एका जिल्ह्यात आणि फायदा दुसऱ्याला.

गाव पातळीवरची माणसे हा या व्यवस्थेचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पहिल्या दोन-तीन तासांत बाहेरून कोणीही पोचत नाही. तेव्हा पोलीस पाटील, कोतवाल, तलाठी, ग्रामसेवक, गावातले पट्टीचे पोहणारे, काठचे भोई आणि कोळी हेच बचाव पथक असते. ट्रॅक्टर आणि दोरखंड ही त्यांची साधने. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन गावे असतात, आणि पूर सगळ्या गावांत एकाच रात्री येतो.

हद्दींचा हाच गुंता २२ जानेवारी २०२५ ला पुन्हा दिसला. पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवले. किमान १२ माणसे गेली, त्यांत नेपाळचे नागरिकही होते. रूळ रेल्वेचा, तपास लोहमार्ग पोलिसांचा आणि रेल्वेचा, अपघात मदत गाडी भुसावळची. पण रुग्णवाहिका, पाचोऱ्यातले आणि जळगावातले दवाखाने, शवविच्छेदन, नातेवाइकांना शोधणे, मृतदेह परदेशी पाठवणे हे सगळे जिल्हा प्रशासनाच्या अंगावर आले. आदल्या वर्षांच्या उजळणीत रेल्वे, आरोग्य खाते आणि महसूल एकत्र बसले असतील तेवढेच अशा वेळी कामाला येते.

बाहेरून येणाऱ्या मदतीच्या बाबतीत खानदेश सुदैवी आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ तळेगावला आहे, तिथून चाळीसगावला यायला अर्धा दिवस जातो. पण राज्याने आपले दल उभे केले तेव्हा त्याच्या दोन तुकड्या नागपूर आणि धुळे इथल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या तळांवर ठेवल्या. धुळ्याचे जवान उत्तर महाराष्ट्रभर धावतात. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेच्या पात्रात बुडालेल्यांचा शोध घेताना त्यांची बोट भोवऱ्यात उलटली आणि या पथकातले तीन जवान गेले. ज्या नदीचे भोवरे गावकऱ्यांना पाठ असतात ती नदी बाहेरून आलेल्या पथकाला नवी असते. स्थानिक माणसाचे ज्ञान आणि प्रशिक्षित जवानाचे कौशल्य यांची गाठ घालून देणे हेही व्यवस्थापनच आहे, आणि त्याला आपण पुरेसे मोल दिलेले नाही.

पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून शिवार फिरतात. पीक ३३ टक्क्यांहून जास्त गेले तरच मदत, ही अट २०१५ पासूनची. आधी ती ५० टक्के होती. माणूस गेला तर वारसांना चार लाख. चाळीसगावच्या पुरावेळी लागू असलेल्या निकषांत दुधाळ मोठ्या जनावराला ३० हजार रुपये होते आणि तेही कुटुंबामागे तीन जनावरांपर्यंत. बाजारात चांगल्या म्हशीची किंमत त्याच्या दुप्पट-तिप्पट. शिवाय जनावर वाहूनच गेले असेल तर पंचनामा कशाचा करायचा? हा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. तो कोणत्या संकटांवर खर्चता येतो याची केंद्राची यादी १२ आपत्तींची होती आणि त्यात उष्णतेची लाट नव्हती.

जळगाव आणि भुसावळच्या माणसाला हे विचित्र वाटणारच. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, केळीच्या बागा होरपळतात, शेतमजूर आणि बांधकामावरची माणसे उन्हात असतात. मे २०२४ च्या लाटेत जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ खाली आदेश काढले. सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत मजुरांना उघड्यावर राबवू नये, खासगी शिकवणी वर्गांवर निर्बंध, असे त्यांचे स्वरूप होते. हे पाऊल योग्य होते असे मी मानतो. पण जमावबंदीसाठीचे कलम उन्हासाठी वापरावे लागले, आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई कुठल्याच शीर्षाखाली बसत नव्हती. गुजरातेत अहमदाबादने २०१३ मध्येच उष्णता कृती आराखडा केला होता: लाटेचा इशारा आधी द्यायचा, दवाखान्यांत तयारी ठेवायची, पाणपोया वाढवायच्या, कामाच्या वेळा बदलायच्या. खानदेशाला अशा आराखड्याची गरज पुराच्या आराखड्याइतकीच आहे.

कारखान्यांचा धोका वेगळ्या जातीचा. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, डझनाहून अधिक माणसे मेली, अनेक जखमी झाली. अशा वेळी आत काय साठवले आहे हे बाहेरच्या बंबवाल्याला आणि डॉक्टरला आधी ठाऊक असावे लागते. ती माहिती कारखाना, औद्योगिक सुरक्षा संचालनालय आणि तहसील कार्यालय यांच्यात फिरत राहिली पाहिजे. फाईलमध्ये पडून राहिली तर ती कोणाच्याच उपयोगाची नाही.

धुळे शहराचा प्रश्न पांझरेचा आहे. १८७२ च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरेला आलेल्या महापुराने धुळ्याची घरे आणि मालमत्ता यांची मोठी हानी केली होती. आज साक्री तालुक्यात लाटीपाडा, मालनगाव, जामखेली ही धरणे भरून सांडव्यावरून वाहू लागली की सगळे पाणी अक्कलपाड्यात येते आणि तिथले दरवाजे उघडले की पांझरा धुळ्याच्या पुलांना लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये तसेच झाले. दरवाजांचा निर्णय जलसंपदा खात्याचा, नदीकाठच्या वस्त्या हलवणे महापालिकेचे, शाळा उघडून निवारा करणे महसूलचे, पुलावरची वाहतूक थांबवणे पोलिसांचे. नदीला २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखायची असते, आणि निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ द्यायचे नसते. ते रोखण्याची जबाबदारी पुन्हा महापालिकेच्या नगररचना विभागाची, आणि ती पूर नसलेल्या ऋतूत पार पाडायची असते.

२०२५ मध्ये संसदेने मूळ कायद्यात दुरुस्ती केली. महापालिका असलेल्या मोठ्या शहरांत आता राज्य सरकार नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमू शकते, त्याचे अध्यक्ष आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. राज्याच्या प्रतिसाद दलालाही या दुरुस्तीने कायद्याचा आधार दिला. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत २००३ पासून महापालिका आहे, त्यामुळे हा मार्ग दोघांनाही मोकळा आहे. धुळ्यात असे प्राधिकरण झाले तर त्याच्या पहिल्या बैठकीत अक्कलपाड्याच्या अभियंत्याला बोलावून एक गोष्ट लेखी ठरवून घ्यावी: दरवाजे उघडण्याच्या किती तास आधी, कोणाच्या फोनवर, किती क्युसेकचा आकडा येणार, आणि तो फोन उचलला गेला नाही तर पुढचा क्रमांक कोणाचा.